शासन निर्णयातली एक ओळ बदलून घ्यायची असेल तर

निराधार, विधवा, परित्यक्ता, दिव्यांग, दुर्धर आजारी अशा माणसांसोबत काम करणाऱ्या संस्थेच्या कपाटात फेटाळलेल्या अर्जांचा एक गठ्ठा असतोच. कुणीतरी येतं, कार्यकर्ती अर्ज भरून देते, तहसीलला हेलपाटे घालते. काम झालं तर माणूस घरी जातो, नाही झालं तर कागद गठ्ठ्यात जातो. वर्षानुवर्षं एकेक अर्ज लढवत राहणं गरजेचं आहे, पण त्याच कारणाने तेच अर्ज पुन्हा पुन्हा फेटाळले जात असतील तर दोष अर्जात नाही, नियमात आहे. तो नियम कुठेतरी एका ओळीत लिहिलेला असतो. ती ओळ शोधायची, ती बदलण्याचा अधिकार कोणाच्या टेबलावर आहे ते बघायचं आणि बदलून मिळेपर्यंत पाठ सोडायची नाही. धोरणाच्या पाठपुराव्याचं काम एवढंच असतं, पण त्यात शिस्त फार लागते.

या लेखात उदाहरण घेतलं आहे संजय गांधी निराधार अनुदान योजनेचं. निराधारांना दरमहा अनुदान देणाऱ्या, १९८० पासून चालू असलेल्या या योजनेशी तालुक्यातल्या प्रत्येक संस्थेचा संबंध येतो. पद्धत मात्र बालसंगोपन, रेशन, घरकुल, कशालाही लावता येईल.

आधी अडचण ओळखा

अडचण तीन तऱ्हांची असते आणि तिन्हींचं औषध वेगळं असतं. नियम चांगला आहे पण पाळला जात नाही, ही पहिली. नियम चांगला आहे पण निधी आलेला नाही, ही दुसरी. नियमच चुकीचा आहे, ही तिसरी. बहुतेक निवेदनं वाया जातात ती या तिन्हींची खिचडी केल्यामुळे. "निराधारांना वेळेवर पैसे मिळत नाहीत, दाखले मिळत नाहीत, रक्कम वाढवावी, मर्यादा वाढवावी, कर्मचारी नीट बोलत नाहीत" असं एकाच कागदावर लिहिलं की तो कागद पाच कार्यासनांमध्ये (विभागातल्या वेगवेगळ्या टेबलांवर) फिरतो आणि कुणाचाच होत नाही.

पैसे खात्यात येत नाहीत, हे नेहमीचं गाऱ्हाणं घ्या. डिसेंबर २०२४ पासून अनुदान डीबीटीने, म्हणजे थेट हस्तांतरणाने, आधारशी जोडलेल्या खात्यात जातं. अशा वेळी खात्याचं केवायसी झालेलं असणं आणि खातं आधारशी मॅप झालेलं असणं, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. एकाच माणसाची दोन-तीन बँकांत खाती असतील तर जे शेवटी मॅप झालं त्यात पैसे पडतात. आजी जुनं पासबुक घेऊन महिनोन्महिने बँकेच्या रांगेत उभी राहते आणि पैसे भलत्याच खात्यात साचत असतात. हे धोरण नाही, अंमलबजावणी आहे. ते तहसील आणि बँकेच्या पातळीवर सुटतं, त्यासाठी मंत्रालयात जाऊ नका. पण एकाच तालुक्यात अशी दीडशे प्रकरणं निघाली, तर तालुक्यात मॅपिंग तपासणीचं शिबिर लावा ही जिल्हाधिकाऱ्यांकडे करायची ठोस मागणी होते.

आता तिसऱ्या तऱ्हेचं उदाहरण. या योजनेत दिव्यांग सोडून इतरांसाठी कुटुंबाच्या वार्षिक उत्पन्नाची मर्यादा २१,००० रुपये आहे. म्हणजे महिन्याला १,७५० आणि दिवसाला ५८ रुपयांहून कमी. दरमहा अनुदान २०१९ मध्ये ६०० वरून १,००० झालं आणि जुलै २०२३ पासून १,५००, मर्यादा मात्र हलली नाही. तलाठ्याच्या अहवालातला अंदाजे आकडा २१,००० च्या जरासा वर गेला की अर्ज बाद. इथे तहसीलदार कितीही सहृदय असले तरी त्यांच्या हातात काही नसतं. ही ओळ सामाजिक न्याय व विशेष सहाय्य विभागाच्या शासन निर्णयात आहे आणि ती तिथेच बदलावी लागेल. पुढचा सगळा लेख या एका ओळीबद्दल आहे.

नोंदवही

गठ्ठा असून भागत नाही, त्याची मोजदाद लागते. जाड रजिस्टर किंवा साधी एक्सेल शीट पुरते. प्रत्येक अर्जामागे एवढं लिहा: अर्जाची तारीख, गाव व तालुका, वय, प्रवर्ग (विधवा, परित्यक्ता, दिव्यांग, आजारी इत्यादी), दाखल्यावरचं उत्पन्न, कामाचं स्वरूप आणि वर्षातले कामाचे दिवस, निर्णयाची तारीख, नाकारल्याचं कारण कागदावर जसं लिहिलं आहे तसंच, आणि अर्ज नाकारल्यानंतर त्या घराने काय केलं. शेवटचा रकाना बहुतेकजण ठेवत नाहीत, आणि निर्णय घेणारा माणूस नेमकं तेच विचारतो.

कारण तोंडी सांगितलं असेल तर तसं स्पष्ट लिहा, "तोंडी". लेखी कारण आणि तोंडी कारण एकत्र मोजलं तर अधिकारी पहिल्याच बैठकीत आकडा खोडून काढतात, आणि एक आकडा खोडला गेला की बाकीच्यांवरचाही विश्वास उडतो. शक्य असेल तिथे अर्जदाराच्या सहीने एक ओळीचा अर्ज द्या: "माझा अर्ज नामंजूर झाल्याचे कारण लेखी कळवावे." यातून पुरावाही तयार होतो आणि कधी कधी अर्जही मंजूर होतो.

किती प्रकरणं पुरेत? एका तालुक्यातल्या वीस प्रकरणांवर राज्याचं धोरण बदलत नाही, आणि हजार गोळा करत बसलात तर दोन वर्षं जातात. निदान तीन तालुक्यांतली मिळून साठ ते शंभर नीट तपासलेली प्रकरणं हा चांगला पाया आहे. तीन तालुके यासाठी की एकाच ठिकाणचा आकडा दिला की "तिथल्या समितीचा दोष आहे" असं उत्तर येतं (अर्ज मंजूर-नामंजूर करते ती तालुका समिती). शेजारच्या तालुक्यातल्या संस्थेला याच रकान्यांचा कागद भरायला द्या. रकाने आधी एक करून घ्या, नंतर जुळवाजुळव करताना डोकेदुखी होते.

एक धोका इथेच सांगायला हवा. मर्यादा इतकी खाली असल्याने अनेक घरं उत्पन्न कमी दाखवतात, हे तालुक्यात सगळ्यांना ठाऊक असतं. मुद्दा म्हणून तो मोलाचा आहे, कारण खरं बोलणाऱ्याला शिक्षा करणारी अट टिकवून सरकारलाही काही मिळत नाही. पण कुणाच्याही नावासमोर "प्रत्यक्ष उत्पन्न जास्त" असं कधीही नोंदवू नका. उद्या ते रजिस्टर कुणाच्या हाती पडलं तर त्या बाईचं चालू अनुदान बंद होऊन वसुली लागू शकते. हा मुद्दा मांडायचा तर नाव नसलेल्या गटचर्चेतून मांडा.

सरकारचेच आकडे मिळवा

संस्थेच्या आकड्याला सरकारी आकड्याचा जोड लागतो. त्यासाठी माहितीचा अधिकार अधिनियम, २००५. अर्ज संस्थेच्या नावाने करू नका, हा हक्क नागरिकाला आहे. कार्यकर्त्याच्या नावाने, घरच्या किंवा पत्रव्यवहाराच्या पत्त्यावर करा. महाराष्ट्राच्या नियमांनुसार एका अर्जात एकच विषय आणि मजकूर १५० शब्दांच्या आत. १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावायचा. दारिद्र्यरेषेखालील अर्जदाराला शुल्क माफ आहे, पण पुरावा जोडावा लागतो.

प्रश्न कसा विचारता यावर सगळं आहे. "अर्ज का नाकारले जातात?" या प्रश्नाला उत्तर मिळत नाही, कारण मागता येते ती कागदावर असलेली माहिती. "कारणनिहाय संख्या द्या" म्हणाल तर "अशी माहिती संकलित केलेली नाही" असं उत्तर येईल. म्हणून असं लिहा:

"दि. १ एप्रिल २०२४ ते ३१ मार्च २०२५ या कालावधीत तालुका संजय गांधी निराधार अनुदान योजना समितीच्या झालेल्या बैठकांच्या तारखा, प्रत्येक बैठकीचे इतिवृत्त, प्रत्येक बैठकीत मंजूर व नामंजूर अर्जांची संख्या, आणि बैठकांसमोर न ठेवलेल्या प्रलंबित अर्जांची संख्या यांच्या प्रती मिळाव्यात. लाभार्थ्यांची नावे व वैयक्तिक तपशील वगळून प्रती द्याव्यात."

शेवटचं वाक्य मुद्दाम आहे. नावं मागितली की वैयक्तिक माहितीचं कारण देऊन सगळाच अर्ज नाकारला जातो, आणि आपल्याला नावं नकोच आहेत. इतिवृत्त हाती आलं की कारणं आपण मोजू शकतो. समितीची बैठक सहा-सात महिने झालीच नाही, हेही त्याच कागदातून बाहेर येतं. समितीचा अशासकीय अध्यक्ष नेमणुकीने येतो, त्यामुळे सरकार बदललं की समित्या बरखास्त होऊन अर्ज पडून राहतात. तो स्वतंत्र मुद्दा आहे, वेगळ्या कागदावर मांडा.

३० दिवसांत उत्तर आलं नाही किंवा अपुरं आलं, तर त्यानंतरच्या ३० दिवसांत त्याच कार्यालयातल्या वरिष्ठाकडे पहिलं अपील करा, त्याला २० रुपयांचा स्टॅम्प लागतो. दुसरं अपील राज्य माहिती आयोगाकडे ९० दिवसांत करता येतं, पण तिथे सुनावणीला फार वेळ जातो. म्हणून आपलं वेळापत्रक दुसऱ्या अपिलावर टांगून ठेवू नका. त्यापेक्षा सोपा रस्ता आहे. जिल्हा आणि त्याखालच्या कार्यालयांत दर सोमवारी दुपारी ३ ते ५ या वेळेत नागरिकांना अभिलेख पाहू द्यावेत, असा शासनाचा २०१८ चा आदेश आहे. त्याची प्रत सोबत न्या, पुष्कळ ठिकाणी टेबलावरच्या माणसाला तो माहीत नसतो. दोघांनी जा, एकाने वाचावं आणि दुसऱ्याने लिहून घ्यावं.

कुणाच्या व्हॉट्सॲपवरून आलेला शासन निर्णय वापरू नका. राज्य शासनाच्या अधिकृत संकेतस्थळावरून विभाग आणि तारखेनुसार उतरवून घ्या आणि त्यावरचा संकेतांक टिपून ठेवा. जुना निर्णय नंतरच्या निर्णयाने, पूरकपत्राने किंवा शुद्धिपत्रकाने बदललेला असू शकतो. म्हणून निर्णयाच्या वरच्या "संदर्भ" या भागातून मागे मागे जात पूर्ण साखळी काढा. रद्द झालेल्या निर्णयातली ओळ बदला म्हणून निवेदन देणं, ही सर्वात लाजिरवाणी आणि सर्वात जास्त होणारी चूक आहे.

हिशोब मांडा

खर्च वाढवणारी कोणतीही नस्ती (फाईल) वित्त विभागाकडे जाते. तिथे कळवळा चालत नाही, आकडा चालतो. तो आपणच मांडून दिला तर विभागातल्या कक्ष अधिकाऱ्याचं काम हलकं होतं. हे खालच्या पातळीवरचे अधिकारी अनेकदा मनाने आपल्या बाजूचे असतात, त्यांना टिपणी लिहायला माल हवा असतो.

मर्यादेबद्दल तीन मुद्दे एका पानात मावतात. पहिला मजुरीचा. २०२५-२६ साठी महाराष्ट्रात रोजगार हमीच्या कामाचा दर दिवसाला ३१२ रुपये होता. या दराने ६८ दिवस काम केलेल्या बाईचं उत्पन्न २१,२१६ रुपये होतं. म्हणजे त्या वर्षीच्या हमीच्या १०० दिवसांतले ६८ दिवस राबली, की सरकारच्याच दुसऱ्या कागदानुसार ती निराधार राहत नाही. दुसरा मुद्दा योजनेच्या आतला. याच योजनेत दिव्यांग अर्जदारांसाठी मर्यादा ५०,००० रुपये आहे, त्यामुळे वेगळी मर्यादा ठेवण्याचा पायंडा विभागाने स्वतःच पाडलेला आहे. तिसरा तुलनेचा. २०२४ मध्ये सुरू झालेल्या मुख्यमंत्री माझी लाडकी बहीण योजनेतही महिन्याला १,५०० रुपयेच मिळतात, पण तिथे उत्पन्नाची मर्यादा अडीच लाख आहे. एकाच रकमेसाठी अतिगरिबाला २१,००० ची अट आणि इतरांना अडीच लाखांची, हे कुठल्याच तर्कात बसत नाही. तुलना करताना मात्र दुसऱ्या योजनेवर टीका करू नका. त्या बायकांचे पैसे काढून घ्या असा अर्थ निघाला तर मित्रही विरोधात जातात.

मग खर्च. एका नव्या लाभार्थ्यामागे वर्षाला १८,००० रुपये. १०० लाभार्थी वाढले तर १८ लाख, १ लाख वाढले तर १८० कोटी. आपल्या तीन तालुक्यांत केवळ उत्पन्नामुळे किती अर्ज बाद झाले, त्याचं एकूण अर्जांशी प्रमाण काढा आणि राज्यासाठी एक कमीत कमी आणि एक जास्तीत जास्त असा अंदाज द्या. एकच छातीठोक आकडा दिलात तर तो खोटा ठरवणं सोपं जातं. अनुदानाच्या नोंदी "२२३५ सामाजिक सुरक्षा व कल्याण" या अर्थसंकल्पातल्या मुख्य लेखाशीर्षाखाली सापडतात. अर्थसंकल्पीय अंदाज, सुधारित अंदाज आणि प्रत्यक्ष खर्च हे तीन आकडे निदान तीन वर्षांचे काढा. दरवर्षी काही रक्कम खर्च न होता राहत असेल तर तुमचा मुद्दा निम्मा जिंकला.

निवेदन एका पानाचं

वरच्या बाजूला कोणाला, मधे विषय, खाली एकच मागणी. विषयातच योजना, शासन निर्णयाची तारीख व संकेतांक आणि परिच्छेद क्रमांक लिहा. मग चार-पाच ओळींत अडचण, पाच ओळींत आकडे, आणि शेवटी आत्ताची ओळ व हवी असलेली ओळ शेजारी शेजारी:

"सध्याची तरतूद: अर्जदाराच्या कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न रु. २१,००० पर्यंत असावे. प्रस्तावित तरतूद: अर्जदाराच्या कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न रु. ५०,००० पर्यंत असावे."

सध्याच्या तरतुदीचे शब्द मूळ निर्णयातून जसेच्या तसे उतरवा. भावनिक मजकूर, थोर पुरुषांचे दाखले आणि "अन्यथा तीव्र आंदोलन छेडण्यात येईल" हे वाक्य काढून टाका. आंदोलन करायचंच असेल तर ते करावं, पण निवेदनाच्या तळाशी सवयीने छापलेली धमकी कुणी वाचत नाही. जोडपत्रात तक्ते, इतिवृत्तांच्या प्रती आणि नावं बदललेल्या तीन-चार हकिकती ठेवा.

प्रत देताना आवक क्रमांक, तारीख आणि शिक्का घेतल्याशिवाय परत फिरू नका. पोच नसलेलं निवेदन दिलंच नव्हतं असं समजा. मंत्र्यांना हार-गुच्छ देऊन काढलेला फोटो ही पोच नव्हे. मंत्री कार्यालयातून ते पत्र शेरा मारून विभागाकडे उतरतं, तेव्हा पंधरा दिवसांनी फोन करून ते कुठल्या कार्यासनाकडे गेलं आणि नस्ती क्रमांक काय पडला ते विचारा. पुढची सगळी विचारपूस नस्ती क्रमांकाने करायची.

कोणतं दार कशासाठी

गावापासून सुरुवात करा. ग्रामसभेचा ठराव धोरण बदलत नाही, पण मागणीला वजन देतो. गणपूर्ती, म्हणजे लागणारी किमान हजेरी, एकूण मतदारांच्या १५ टक्के किंवा १०० मतदार, यांपैकी जे कमी असेल ते. महिलांची स्वतंत्र सभा आधी होते, विधवा आणि परित्यक्ता बायका तिथेच मोकळं बोलतात. विषय आधी विषयपत्रिकेत घालून घ्या, आयत्या वेळचा विषय म्हणून घुसवलेला ठराव नंतर इतिवृत्तात सापडत नाही. ठरावाचं बळ किती असतं ते कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड गावाने दाखवलं. तिथल्या ग्रामपंचायतीने मे २०२२ च्या सुरुवातीला विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला आणि त्याच महिन्याच्या १७ तारखेला राज्याच्या ग्रामविकास विभागाने सगळ्या ग्रामपंचायतींनी हेरवाडचं अनुकरण करावं असं परिपत्रक काढलं. दोन आठवड्यांत! मात्र त्या परिपत्रकासाठी तिजोरीतून काही जात नव्हतं आणि ते बंधनकारकही नव्हतं, हेही लक्षात ठेवा. पैसा न लागणारी मागणी लवकर मान्य होते, आणि तिची पकडही तितकीच सैल असते.

कोविडनंतर कोरोना एकल महिला पुनर्वसन समितीने हेरंब कुलकर्णी यांच्या पुढाकाराने जो पाठपुरावा केला, तो या दृष्टीने अभ्यासण्यासारखा आहे. जिल्ह्याजिल्ह्यांतल्या संस्था एकत्र आल्या, आणि ऑगस्ट २०२१ मध्ये महिला व बालविकास विभागाने "मिशन वात्सल्य"खाली तहसीलदारांच्या अध्यक्षतेत तालुकास्तरीय समित्या नेमल्या. त्यासाठी नवा कायदा लागला नाही. असलेल्या योजना त्या घरांपर्यंत नेण्याची जबाबदारी एका खुर्चीवर टाकली गेली. मोठी मागणी अडली असेल तेव्हा तिच्यातून असा बिनखर्चाचा तुकडा वेगळा काढून आधी तो मिळवता येतो का, हे जरूर बघा. आपल्या उदाहरणात "अर्ज नामंजूर करताना कारण लेखी द्यावे व समितीची बैठक दर महिन्याला घ्यावी" हा तसा तुकडा आहे.

तालुका आणि जिल्ह्याच्या लोकशाही दिनाचा उपयोग एकेका माणसाच्या तक्रारीसाठी आहे. जिल्ह्याचा लोकशाही दिन महिन्याच्या पहिल्या सोमवारी असतो. तिथे संस्थेच्या लेटरहेडवर धोरणाची मागणी घेऊन गेलात तर परत पाठवतील. पण एकाच कारणाच्या दहा वैयक्तिक तक्रारी दहा अर्जदारांनी स्वतः मांडल्या, तर जिल्हाधिकाऱ्यांना नियमातलं भोक दिसतं आणि ते स्वतः विभागाला मार्गदर्शन मागणारं पत्र पाठवू शकतात. असं पत्र आपल्या दहा निवेदनांच्या तोडीचं असतं. दाखले अडत असतील तर महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम, २०१५ खाली अपील करा. त्यात कसूर करणाऱ्या अधिकाऱ्याला ५०० ते ५,००० रुपये दंडाची तरतूद आहे.

आणखी एक गैरसमज. ही योजना सामाजिक न्याय विभागाची आहे म्हणून लोक जिल्ह्याच्या समाजकल्याण कार्यालयात खेटे घालतात. अंमलबजावणी महसूल यंत्रणेकडे, म्हणजे तहसीलदार आणि जिल्हाधिकाऱ्यांकडे आहे. नियम एका विभागाचा, यंत्रणा दुसऱ्याची, पैसा तिसऱ्याच्या संमतीने. तिन्ही ठिकाणी प्रत द्यायची, पण मागणी करायची ती नियम ज्याचा त्याच्याकडे.

विधिमंडळ

वर्षाला तीन अधिवेशनं होतात: अर्थसंकल्पीय आणि पावसाळी मुंबईत, हिवाळी नागपुरात. अधिवेशनाच्या आठवड्यात आमदारांना गाठून काही होत नाही. प्रश्नांच्या सूचना कित्येक आठवडे आधी द्याव्या लागतात. म्हणून हिवाळी अधिवेशनासाठीचा मजकूर दिवाळीच्या आधी त्यांच्या स्वीय सहायकाच्या हातात पडायला हवा, आणि तोही तयार स्वरूपात. विधिमंडळातल्या प्रश्नाचा साचा ठरलेला आहे:

"(१) संजय गांधी निराधार अनुदान योजनेत उत्पन्नाची मर्यादा रु. २१,००० असल्याने अमुक तालुक्यांत इतके अर्ज नामंजूर झाले, हे खरे आहे काय. (२) असल्यास, ही मर्यादा वाढविण्याबाबत शासनाने कोणती कार्यवाही केली वा करण्यात येत आहे. (३) नसल्यास, विलंबाची कारणे काय आहेत?"

तारांकित प्रश्नावर सभागृहात उपप्रश्न विचारता येतात, अतारांकिताला फक्त लेखी उत्तर मिळतं. पण नंबर लागला नाही म्हणून हिरमुसू नका, लेखी उत्तर हाही मंत्र्यांच्या सहीचा पुरावा आहे. "प्रस्ताव शासनाच्या विचाराधीन आहे" असं उत्तर आलं, की तो प्रस्ताव कोणत्या टप्प्यावर आहे याची माहिती लगेच माहिती अधिकारात मागा. तातडीच्या विषयाला लक्षवेधी सूचना असते. मंत्र्यांनी सभागृहात आश्वासन दिलं तर त्यावर आश्वासन समितीचं लक्ष असतं, म्हणून कामकाजाच्या नोंदीतली ती वाक्यं उतरवून ठेवा. एक आमदार सत्ताधारी, एक विरोधी आणि एक विधान परिषदेतले असे तिघं धरले तर मागणीला कुणा एकाचा रंग लागत नाही.

पैशाची मागणी असेल तर मार्चचा अर्थसंकल्प गाठायचा असतो. विभागांचे प्रस्ताव त्याच्या कितीतरी महिने आधी तयार होतात, म्हणून सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये विभागाच्या टेबलावर आपला हिशोब असला पाहिजे. फेब्रुवारीत दिलेलं निवेदन पुढच्या वर्षासाठी दिलेलं असतं. मधे आचारसंहिता लागली तर नवे निर्णय थांबतात, ती तारीख गृहीत धरून एक टप्पा आधीच उरका.

माणसांना पुढे करताना

ज्यांच्यासाठी हे चाललं आहे त्यांनी बैठकीत बोलावं, हे सगळ्यात परिणामकारक असतं आणि सगळ्यात नाजूकही. अनुदानाची वाट बघणारी बाई संस्थेने पुढे केलेल्या कुठल्याही कागदावर अंगठा देते. ती संमती नव्हे. संमती अर्ज भरण्याच्या दिवशी घेऊ नका, वेगळ्या दिवशी, तिच्या घरी आणि तिच्या बोलीत समजावून घ्या. तीन पायऱ्या ठेवा: फक्त आकड्यात मोजलेलं चालेल, नाव बदलून हकिकत दिलेली चालेल, नाव-चेहऱ्यासह चालेल. कधीही नाही म्हणता येईल आणि नाही म्हटलं तरी संस्थेची मदत थांबणार नाही, हे दोनदा सांगा.

छोट्या गावात नाव बदलून काही लपत नाही. "अमुक गावातली तीन मुलांची विधवा" एवढं म्हटलं की सगळं गाव ओळखतं. गावाऐवजी तालुका लिहा, आणि तक्त्यात पाचपेक्षा कमी संख्या असलेले रकाने एकत्र करा. एचआयव्हीसह जगणाऱ्या व्यक्तीची ओळख उघड करण्यावर २०१७ च्या कायद्याने निर्बंध आहेत. लैंगिक अत्याचारातल्या पीडितांची आणि बालकांची ओळख उघड करणं गुन्हा आहे. वार्ताहराला हे बातमी छापून येण्याआधी सांगायचं असतं.

बैठकीला एकीला नेऊ नका, निदान दोघींना न्या. आदल्या दिवशी कोण-कोण असेल, काय विचारतील, कुठल्या प्रश्नाला "हे मला सांगायचं नाही" म्हणायचं, याची उजळणी करा. बुडालेली मजुरी, प्रवास आणि जेवण संस्थेने द्यावं, आणि ते अंदाजपत्रकात आधीच धरलेलं असावं.

संस्थेची स्वतःची बाजू

नोंदणीकृत धर्मादाय संस्थेला धोरणाबद्दल बोलण्याची मनाई नाही, पक्षाचा किंवा उमेदवाराचा प्रचार मात्र करता येत नाही. संस्थेच्या घटनेच्या उद्देशकलमात संशोधन, जनजागृती आणि दुर्बल घटकांच्या हक्कांसाठी शासनाकडे पाठपुरावा हे शब्द आहेत का ते बघा, नसतील तर विश्वस्तांशी बोलून घाला. परदेशी देणगी घेणाऱ्या संस्थांनी एफसीआरए कायद्यातली राजकीय स्वरूपाच्या संघटनांबाबतची तरतूद जाणकाराकडून समजून घ्यावी आणि या कामाचा खर्च शक्यतो स्थानिक देणग्यांतून करावा. सरकारी प्रकल्प चालवणाऱ्या संस्थांना आवाज उठवायची भीती वाटते, आणि ती रास्त आहे. म्हणून मागणी पाच-सात संस्थांच्या मंचाच्या नावाने करा, सही आळीपाळीने.

न्यायालयाचा रस्ता शेवटी. नियम पाळला जात नसेल तर तिथे पटकन दाद लागते. नियम चुकीचा आहे आणि त्याला पैसा लागतो अशा प्रश्नात न्यायालय बहुधा शासनाला निर्णय घ्यायला सांगतं, म्हणजे आपण पुन्हा त्याच टेबलापाशी. बायका, दिव्यांग, अनुसूचित जाती-जमातीच्या व्यक्ती यांना उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो, त्यासाठी तालुका विधी सेवा समितीकडे अर्ज करावा.

निर्णय निघाल्यावर

शासन निर्णय निघाला की पेढे वाटण्याआधी तो तिघांनी बसून शब्दन् शब्द वाचा. कधीपासून लागू, जुन्या नामंजूर अर्जांचं काय, कुठला नवा दाखला मागितला आहे, निधी कुठल्या लेखाशीर्षातून. मर्यादा वाढवून शेजारी एखादी नवी अट घातलेली असते, आणि जुन्या अर्जांबद्दल बहुतेकदा एक शब्दही नसतो. अशा वेळी महिन्याच्या आत शुद्धिपत्रक मागा, नंतर तेच कार्यासन दुसऱ्या कामात गुंतलेलं असतं.

तालुक्याच्या टेबलापर्यंत नवा निर्णय पोचायला वेळ लागतो. त्याची प्रत स्वतः नेऊन द्या आणि पोच घ्या. तलाठी, ग्रामपंचायत, अंगणवाडी आणि आपले सरकार सेवा केंद्र यांच्यासाठी अर्ध्या पानाचा मोठ्या अक्षरातला सारांश छापा. मग कपाटातला तो गठ्ठा काढा. केवळ उत्पन्नामुळे नाकारल्या गेलेल्यांपैकी पहिल्या दहा जणांचे नवे अर्ज एकाच आठवड्यात दाखल करा आणि त्यांच्या तारखा त्याच जुन्या रजिस्टरमध्ये, त्याच नावांपुढे लिहा. तीन महिन्यांनी दहांपैकी कितींच्या खात्यात १,५०० रुपये पडले ते बघा. सहाजणांचे पडले आणि चौघांचे नाही, तर त्या चौघांचे कागद घेऊन पुन्हा पहिल्या प्रश्नापासून सुरुवात करायची: नियम पाळला गेला नाही, निधी आला नाही, की अजून एखादी ओळ आड आली.